कोक-बोरू : किर्गिझ घोडेस्वारांचा सांघिक खेळ

(वाशीम येथील स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

कोक-बोरू हा किर्गिझ लोकांचा घोड्यावरून खेळायचा सांघिक खेळ. दोन संघ, भरधाव घोडे आणि मैदानाच्या मधोमध पडलेला, शीर व गुडघ्याखालचे पाय काढलेला बोकड. घोड्यावरून न उतरता हा बोकड उचलायचा, प्रतिस्पर्ध्यांच्या गराड्यातून बाहेर काढायचा आणि त्यांच्या बाजूच्या गोलात नेऊन टाकायचा, एवढ्यात खेळाचे सार येते. या बोकडाला उलाक म्हणतात. त्यावरून खेळाचे दुसरे नाव उलाक तार्तीश, म्हणजे बोकडाची ओढाताण. कोक-बोरू म्हणजे करडा लांडगा. कळपावर तुटून पडणाऱ्या लांडग्याचा स्वारांनी पाठलाग करायचा, त्याला दमवून उचलायचे आणि परतीच्या वाटेवर तो एकमेकांच्या हातून हिसकावत आणायचा, अशी खेळाच्या उगमाची कथा सांगतात. कथेला पुरावा नाही. तरी ती मेंढपाळांत जन्मली असणार, दरबारात नव्हे, इतके तिच्या तपशिलावरून म्हणता येते.

किर्गिझस्तान हा मध्य आशियातला डोंगराळ देश. क्षेत्रफळ सुमारे दोन लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास; लोकसंख्या मात्र ७० लाखांच्या घरात. देशाचा बहुतेक भाग तिएन शान आणि तिला जोडलेल्या पर्वतरांगांनी व्यापला आहे. नांगराखाली येईल अशी जमीन थोडी, चराऊ डोंगर मुबलक. उन्हाळ्यात कळप घेऊन वरच्या कुरणांवर, म्हणजे जैलूवर, चढायचे आणि थंडी पडू लागली की खालच्या खोऱ्यांत उतरायचे, हा तिथला शतकानुशतकांचा क्रम. त्यात घोडा नुसते वाहन नव्हता. घोडीचे दूध आंबवून कुमीस करत, सणासमारंभाला घोड्याचे मांस शिजे, कातड्याचा साज होई, लग्नाच्या देण्याघेण्यात आणि तंट्याच्या दंडातही घोडेच मोजले जात.

किर्गिझ घोडा बुटका, जाड हाडाचा, डोंगरवाटेवर पक्का आणि कष्टाला चिवट. पण त्याचा सर्वांत मोठा गुण पोटाचा आहे. हिवाळ्यात तो खुराने बर्फ उकरून खालचे गवत खातो. त्याला बांधीव तबेला लागत नाही आणि रोजची चंदीही लागत नाही. म्हणून घोडा बाळगणे हे तिथे केवळ श्रीमंताचे काम राहिले नाही. साध्या घरालाही तो परवडत असे आणि पोर नीट चालू लागले नाही तोच खोगिरावर बसत असे. कोक-बोरूची पुढची सगळी हकीगत या एका गोष्टीतून निघते, म्हणून ती आधी सांगावी लागली.

खेळाचे जुने रूप म्हणजे अलामान उलाक. त्यात संघ नसतात. शेकडो स्वार एकाच उलाकामागे धावतात आणि ज्याच्या हाताला तो लागेल त्याने तो गर्दीतून काढून ठरलेल्या जागी नेऊन टाकायचा. मैदानाला सीमा नाही. ओढा, टेकडी, माळ, जे वाटेत येईल ते मैदान. वेळेचेही बंधन नाही. खेळ सकाळी सुरू होऊन दिवस कलेपर्यंत चाले. जिंकलेल्या स्वाराने उलाक एखाद्या मानकऱ्याच्या तंबूच्या दाराशी टाकावा, त्याने तो मान समजून स्वारांना जेवण किंवा बक्षीस द्यावे, अशीही पद्धत होती. म्हणजे जिंकणे हे फक्त जिंकणाऱ्याचे राहत नसे. कोणाच्या दारात उलाक पडतो याकडे सगळ्या मुलखाचे लक्ष असे. शेवटी तोच बोकड शिजवून खात. घोड्यांच्या धक्क्याबुक्क्यांनी ते मांस मऊसूत होते, असे जाणते लोक सांगतात.

हा खेळ दोन निमित्तांनी होई. एक तोय, म्हणजे लग्न, बारसे, सुंता यांसारखा आनंदाचा समारंभ. दुसरे आश, म्हणजे मृताच्या स्मरणार्थ, बहुधा वर्षश्राद्धाच्या सुमारास घातलेले मोठे जेवण. मोठ्या माणसाच्या आशला दूरदूरच्या टोळ्यांना निमंत्रणे जात आणि घोड्यांच्या शर्यती, कुस्त्या, भाल्यांचे सामने दिवसचे दिवस चालत. किर्गिझांचे महाकाव्य ‘मानस’ यात कोकोतोय नावाच्या खानाच्या आशचा मोठा प्रसंग आहे. कझाक अभ्यासक चोकान वालिखानोव्ह यांनी १८५६ साली तो गायकाकडून लिहून घेतला. त्यात शर्यती आहेत, द्वंद्वे आहेत, मानपानावरून झालेली भांडणेही आहेत. गेलेल्या माणसाच्या नावाने व्याख्याने ठेवण्याची महाराष्ट्राची रीत जितकी गंभीर, तितकीच घोडे पळवण्याची ही रीत त्यांच्या दृष्टीने गंभीर होती.

सांघिक रूप त्याच अलामानातून पुढे आले. आज अधिकृत सामना ज्या नियमांनी होतो ते असे. संघात १२ खेळाडू, त्यांपैकी एका वेळी मैदानात चार. मैदान सुमारे २०० मीटर लांब आणि ८० मीटर रुंद. लांबीने फुटबॉलच्या मैदानाच्या जवळजवळ दुप्पट. २० मिनिटांचे तीन डाव आणि मध्ये विश्रांती. उलाकाचे वजन साधारण ३० ते ३५ किलो. मैदानाच्या दोन्ही टोकांना ताय कझान, म्हणजे गोल. हा गोल खांबांचा नसतो. गावच्या सार्वजनिक विहिरीला असतो तसा उंच, गोलाकार कठडा आणि आत खळगा, असे त्याचे बांधकाम असते. व्यास चार मीटरच्या आसपास. उलाक कठड्यावरून आत पडला की एक गुण. मग तो पुन्हा मध्यभागी ठेवतात आणि पंचाच्या इशाऱ्यावर दोन्हीकडचे स्वार त्याच्यावर झेपावतात. प्रतिस्पर्ध्याचा लगाम धरणे, त्याला किंवा त्याच्या घोड्याला चाबूक मारणे याला मनाई आहे. छातीला छाती भिडवून घोडा रेटणे मात्र नियमात बसते. किंबहुना तोच खेळ आहे.

सगळ्यात अवघड काम पहिलेच: उलाक उचलणे. घोडा पळत असताना स्वार एक पाय रिकिबीत अडकवून दुसऱ्या बाजूने खाली झुकतो, इतका की त्याचा खांदा घोड्याच्या गुडघ्यापाशी येतो. त्या वेळी दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून चाबूक दातांत धरलेला असतो. उलाकाला मूठ नाही, कडा नाही. ओले, जड, घसरडे केस तेवढे हाताला लागतात. ते धरून एका हिसक्यात ओझे वर आणायचे आणि लगेच मांडीखाली, खोगिराच्या पाळीशी दाबून टाकायचे. हातात धरलेला उलाक दोन क्षणांत हिसकावला जातो. मांडीखाली दाबलेला सहज सुटत नाही. बोटांच्या ताकदीइतकीच मांडीची पकड म्हणूनच मोलाची. पुढचा टप्पा वाट काढण्याचा. साथीदारांपैकी एक जण पुढे घोडा घालून फळी फोडतो, दुसरा बाजूने अंगावर येणाऱ्याला अडवतो, आणि उलाकवाला त्या फटीतून निसटतो. कझानपाशी पुन्हा तेच. समोर बचाव करणारा आडवा घोडा घालून उभा असतो. कित्येकदा स्वार वेग न आवरता घोडा कठड्यावर नेऊन धडकवतो आणि उलाकासकट स्वतःही आत कोसळतो. पाहणाऱ्याला तो अपघात वाटतो. खेळणाऱ्याच्या हिशेबात तो गुण असतो. हाडे मोडणे नवे नाही. रणगाड्यावरच्या सैनिकांसाठी बनवलेल्या, आतून जाड अस्तराच्या सोव्हिएत टोप्या अनेक खेळाडूंनी वर्षानुवर्षे डोक्यावर घातल्या, त्या उगाच नव्हे.

आठ माणसे खेळतात असे म्हणायचे, पण मैदानात आठ घोडेही खेळत असतात आणि निम्मा खेळ त्यांचा असतो. स्वार खाली झुकला की घोड्याने बुजायचे नाही, गर्दीत थांबायचे आणि स्वार सावरल्याचे पाठीवर कळताच कोणी न सांगता सुटायचे. समोरच्या घोड्याला बगल देण्याची उपजत बुद्धी मोडून त्याला छातीने रेटायला शिकवायचे. हे शिक्षण वर्षांचे आहे, आठवड्यांचे नव्हे. घोडा तयार करणाऱ्या उस्तादाला सायापकेर म्हणतात. कधी किती चारायचे, किती घाम काढायचा, सामन्याआधी वजन कितीवर आणायचे, हे सगळे त्याच्या हाती. दुसरा जाणता म्हणजे सिंची, घोडा नुसता पाहून त्याचा कस सांगणारा. ही विद्या आपल्याकडे परकी नाही. नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात खंडोबाची माळेगावची यात्रा भरते (वाशीम जिल्ह्यातील मालेगावशी तिची गल्लत करू नये), किंवा नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोडेबाजार भरतो, तिथे आजही घोड्याच्या अंगावरचे भोवरे पाहून शुभाशुभ सांगणारे आणि त्यावर किंमत ठरवणारे भेटतात. फरक एवढाच, की आपल्याकडे लक्षणे पाहतात ती बहुतेक धन्याला लाभेल की नाही यासाठी. सिंची पाहतो तो छातीचा भाता, सांध्यांची बांधणी आणि डोळा.

या खेळाच्या इतिहासातले मोठे वळण विसाव्या शतकात आले. १९१६ साली झारशाहीविरुद्ध मध्य आशियात उठाव झाला, तो चिरडला गेला आणि असंख्य किर्गिझ कुटुंबे घाट ओलांडून चीनच्या हद्दीत पळाली. वाटेत माणसेही मेली, जनावरेही. पुढे १९३० च्या सुमारास सोव्हिएत सरकारने भटक्यांना एका जागी वसवण्याची आणि कळप सामूहिक मालकीचे करण्याची मोहीम चालवली. खासगी घोड्यांची संख्या घटली, मोठ्या आशवर आणि त्यातल्या उधळपट्टीवर टीका होऊ लागली. ज्या समारंभांच्या आधाराने खेळ जगत होता ते समारंभच संशयास्पद ठरले. मात्र सरकारने खेळ मारला नाही, त्याला राष्ट्रीय क्रीडाप्रकार म्हणून वेगळे जीवन दिले. १९४९ साली नियम लिहिले गेले आणि १९५८ पासून सामने घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानांवर, म्हणजे हिपोड्रोमवर, होऊ लागले. माळरानाला कुंपण पडले, दिवसभराच्या खेळाला घड्याळ लागले, टोळ्यांच्या जागी सामूहिक शेतांचे संघ उभे राहिले. याच काळात घोडाही बदलला. स्थानिक किर्गिझ घोड्यावर थरोब्रेड आणि डॉन जातींचा संकर करून ‘नोव्होकिर्गिझ’ ही उंच, वेगवान जात तयार झाली. तिला १९५४ साली मान्यता मिळाली. तिचा वेग चांगला, पण बर्फ उकरून जगण्याच्या बाबतीत ती जुन्या घोड्याची बरोबरी करत नाही. घोडा उंच झाला तसा तो चंदीवर आला आणि चंदीबरोबर खर्चही.

३१ ऑगस्ट १९९१ रोजी किर्गिझस्तान स्वतंत्र झाला. नव्या राष्ट्राला आपली म्हणावी अशी चिन्हे हवी होती: ध्वजावर तंबूच्या माथ्यावरचे चक्र आले, मानस राष्ट्रपुरुष झाला आणि कोक-बोरू राष्ट्रीय खेळ. उंच बांधलेला कझान आणि चार खेळाडूंचा आजचा आटोपशीर सामना ही याच काळातली घडण. प्रेक्षक सज्जात बसून पाहू शकेल आणि दूरचित्रवाणीवर दिसेल असा खेळ हवा होता, तो तसा झाला. यात काही गमावलेही. अलामानात कोणीही घोडा घेऊन उतरू शकत असे. अधिकृत सामन्यात निवडलेले, पैसे घेणारे खेळाडू आणि श्रीमंत आश्रयदात्यांचे महागडे घोडे उतरतात. तरी अलामान संपलेला नाही. गावोगावच्या समारंभांत, २१ मार्चच्या नूरूज सणाला, तो अजून खेळला जातो आणि अधिकृत संघांना खेळाडू तिथूनच मिळतात.

इसिक-कुल सरोवराच्या काठी चोलपोन-आता येथे २०१४ साली पहिल्या जागतिक भटक्या-जमाती क्रीडास्पर्धा झाल्या. २०१६ आणि २०१८ च्या स्पर्धाही तिथेच झाल्या. पुढे २०२२ साली तुर्कस्तानातील इझनिक आणि २०२४ साली कझाकस्तानची राजधानी आस्ताना यांनी यजमानपद घेतले. या स्पर्धांत गर्दी खेचणारा खेळ कोक-बोरू. २०१६ साली अमेरिकेतल्या गुरे राखणाऱ्या काउबॉयांचाही एक संघ त्यात उतरला. घोड्यावर बसण्यात ते कोणाला हार जाणारे नव्हते, पण उलाक उचलण्याची विद्या थोड्या दिवसांत येत नाही, हे मैदानात दिसले. डिसेंबर २०१७ मध्ये युनेस्कोने कोक-बोरूचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत समावेश केला.

हा खेळ एकट्या किर्गिझांचा नाही. कझाकांकडे तो कोकपार, उझबेकांकडे कुपकारी, ताजिक व अफगाणांकडे बुझकशी. आस्तानाला कोकपार आणि कोक-बोरू हे दोन वेगळे क्रीडाप्रकार म्हणून ठेवले गेले. दोन शेजाऱ्यांना एका नियमावलीवर आणणे सोपे नाही, हे त्यावरून कळावे. उत्तर अफगाणिस्तानातल्या बुझकशीत बोकडाऐवजी बहुधा वासराचे धड वापरतात आणि खेळाडूला चापंदाज म्हणतात. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ व्हिटनी अझॉय यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दाखवले, की तिथे खेळापेक्षा यजमानाची पत पणाला लागते: त्याच्या बोलावण्याला किती स्वार आले, गोंधळ त्याला आवरता आला की नाही, यावर त्याची राजकीय उंची मोजली जाते. तालिबानांच्या पहिल्या राजवटीत बुझकशीवर बंदी होती. मराठी वाचकाने हा खेळ पाहिला असेल तर बहुधा १९९२ च्या ‘खुदा गवाह’ या हिंदी चित्रपटात. अमिताभ बच्चन आणि श्रीदेवी यांची पात्रे एकमेकांसमोर येतात ती बुझकशीच्या मैदानात, आणि त्या चित्रपटाचे चित्रण खुद्द अफगाणिस्तानात झाले होते.

महाराष्ट्रात असा खेळ का झाला नाही, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. दीड-दोनशे वर्षे मराठ्यांचा इतिहास घोड्याच्या पाठीवर घडला. भीमेच्या आणि नीरेच्या काठचे भीमथडी, नीराथडी घोडे बुटके, काटक आणि डोंगराला पक्के होते, म्हणजे किर्गिझ घोड्याशी नाते सांगावे असेच. शिवाय काबूलच्या व्यापाऱ्यांकडून मध्य आशियातले तुर्की घोडे हिंदुस्थानात येत आणि मराठी सरदारांच्या पागेत त्यांना मान होता. नागपूरकर भोसल्यांचे स्वार १७४१ ते १७५१ या दशकात वऱ्हाड-नागपुरातून थेट बंगालपर्यंत दौडत गेले; बारगीर या शब्दाचे ‘बर्गी’ होऊन ते बंगाली अंगाईगीतांत शिरले. घोडेस्वारीचे कसब नव्हते असे कोणी म्हणणार नाही.

खेळही अगदीच नव्हता असे नाही. बोथाटी नावाचा भाल्याचा खेळ मराठी स्वारांत प्रसिद्ध होता. लांब भाल्याच्या टोकाला पात्याऐवजी लाकडी गोळा, त्यावर रंगात भिजवलेले कापड, आणि घोड्यावरून एकमेकांवर चाल. ज्याच्या अंगावर रंगाचा डाग पडला त्याला जखम झाली असे धरायचे. किर्गिझांचा एर साइश हा भाल्याचा सामना याच घराण्यातला, फक्त तिथे भाले पुष्कळदा खरे असत आणि जखमाही खऱ्या. बोथाटी हा द्वंद्वाचा खेळ, संघाचा नव्हे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती लढाईची तालीम होती. मराठी फौजेत बारगिराला घोडा सरकारातून मिळे आणि शिलेदार आपला घोडा घेऊन येई, पण दोघांचाही घोडा चाकरीचा होता. त्याला रोज हरभऱ्याची चंदी आणि वैरण लागे, मोतद्दार लागे. मुलूखगिरी थांबली की तो अंगावर पडे. १८०३ साली आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावच्या लढाईत शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला, १८१८ साली पेशवाई गेली, आणि चाकरी संपताच घोडाही गेला. भीमथडी घोड्यांची पैदास मराठी फौजांची मागणी आटल्यावर खालावली, अशी नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरांत आहे. बोथाटी मग व्यायामशाळेपुरती उरली.

वऱ्हाडातल्या कुणब्याच्या घरचे जनावर घोडा कधीच नव्हता, तो बैल होता. काळ्या जमिनीत नांगर, वखर, डवरा त्याच्यावर. कापूस बाजारात न्यायचा त्याच्यावर. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातली पोहरादेवी ही बंजाऱ्यांची काशी. बंजारे खरे फिरते लोक, फौजांना धान्य पुरवत हिंदुस्थानभर हिंडणारे. पण त्यांचेही तांडे लादणीच्या बैलांवर चालत. म्हणून विदर्भाने आपला खेळ बैलाभोवती उभा केला. शंकरपटात हलक्या छकड्याला जोडी जुंपून धुरकरी ती सोडतो आणि सेकंदाच्या अंशात वेळ मोजतात. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट विदर्भभर नावाजलेला. खोंड निवडणे, त्याला खुराक देणे, पळण्याची सवय लावणे, जोडीची सम जमवणे, आणि गावाची इभ्रत त्या जोडीला बांधणे, हे सगळे सायापकेराच्या उद्योगापासून फार दूर नाही. किर्गिझाचा घोडा आणि कुणब्याचा बैल दोन्ही घरात वाढलेले, पोटाला जोडलेले. शिलेदाराचा घोडा तसा नव्हता. कोक-बोरू सोव्हिएत वरवंट्याखालूनही वाचला आणि बोथाटी राज्याबरोबर गेली, यामागचे मुख्य कारण हेच असावे. राजाश्रयाचा, शौर्याचा किंवा संस्कृतीच्या श्रेष्ठत्वाचा प्रश्न त्यात आणण्याची गरज नाही.

प्राण्यांच्या वागणुकीचा प्रश्न दोन्ही खेळांना लागला आहे. बैलगाडा शर्यती आणि शंकरपट यांच्यावर सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ च्या निकालाने बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने शर्तींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. किर्गिझस्तानात प्रश्न न्यायालयात न जाता मैदानातच सुटत गेला. अधिकृत सामन्यांत खऱ्या बोकडाऐवजी तेवढ्याच वजनाचा, तशाच आकाराचा बनावट उलाक वापरू लागले. युनेस्कोच्या नोंदीतही त्याचा उल्लेख आहे. जुन्या खेळाडूंना तो आवडत नाही. खऱ्या कातडीची पकड त्याला येत नाही आणि खेळानंतर शिजवायलाही काही उरत नाही, ही त्यांची तक्रार. गावच्या अलामानात अजून खराच बोकड असतो. घोड्यांना होणाऱ्या दुखापतींचा प्रश्न मात्र बनावट उलाकाने सुटलेला नाही. कठड्यावर धडकणाऱ्या घोड्याचे काय, याचे समाधानकारक उत्तर आजच्या नियमावलीत दिसत नाही.

किर्गिझांच्या इतर घोडेखेळांची ओळख थोडक्यात पुरे. आत चाबीश ही लांब पल्ल्याची शर्यत, झोर्गो सालीश ही रवाळ चालीच्या घोड्यांची, एर एनिश म्हणजे घोड्यावर बसून कुस्ती, कीझ कूमाय म्हणजे तरुणीचा पाठलाग. त्यात ती हाती न लागल्यास परतीच्या दौडीत तिने त्या तरुणाला चाबकाने झोडपायचे असते. तीयीन एन्मेय या खेळात भरधाव घोड्यावरून जमिनीवरचे नाणे उचलतात. उलाक उचलण्याची पहिली शाळा बहुधा हीच.

किर्गिझ जिथे गेले तिथे खेळही गेला. अफगाणिस्तानातल्या पामीर पठारावरचा किर्गिझांचा एक गट रहमान कुल यांच्या नेतृत्वाखाली आधी पाकिस्तानात आणि १९८२ साली तुर्कस्तानात जाऊन स्थायिक झाला. व्हान प्रांतातल्या त्यांच्या उलुपामीर गावात हा खेळ आजही होतो. उलट दिशेने, महाराष्ट्रातली शेकडो मुले आता वैद्यकीय शिक्षणासाठी बिश्केक आणि ओशला जातात. मे २०२४ मध्ये बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमावाने हल्ले केले तेव्हा किर्गिझस्तानातल्या भारतीय विद्यार्थ्यांचा आकडा १४ हजारांच्या पुढे असल्याचे सांगितले गेले. त्या बातम्यांमुळे या देशाचे नाव मराठी घरांत पोहोचले ते काळजीच्या रूपाने. नूरूजच्या दिवशी बिश्केकच्या हिपोड्रोमवर होणारा कोक-बोरूचा सामना पाहणे या मुलांना सहज शक्य असते. सहाव्या जागतिक भटक्या-जमाती क्रीडास्पर्धांचे यजमानपद २०२६ सालासाठी पुन्हा किर्गिझस्तानकडे देण्यात आले.